झोपाळ्याने ऐकलेलं काळीज

मी एक जुना झोपाळा आहे. भावनगरच्या पिनाकीनराय अंजारियांच्या बैठकीत चार पितळी सळ्यांवर मी टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्याकडे झोपाळा म्हणजे हौस. इथे तसं नाही. इथे घर बांधताना आधी आढ्याला माझ्यासाठी कड्या ठोकतात आणि मग खिडक्या कुठे हव्यात ते बघतात. सोयरिकी माझ्यावर बसून ठरतात, भांडणं माझ्यावर बसून होतात आणि बहुतेक वेळा माझ्यावरच मिटतात. सोफा नावाचा प्राणी अलीकडचा. त्याने एकदा मला घराबाहेर काढायची वेळ आणली होती, तीच हकिकत मला सांगायची आहे.

माझं लाकूड घोघा बंदरातल्या एका गलबताचं. ते मोडीत निघालं तेव्हा मूळजी मिस्त्रीने त्यातली एक रुंद फळी निवडली, तासली, तिला भरपूर तेल पाजलं आणि सळ्यांना मोर नि हत्ती जोडले. म्हणाला, "याला पाण्याची सवय आहे. हा कधी स्वस्थ बसायचा नाही." खरंच बोलला तो.

तेव्हा पिनाकीनरायांचं नुकतंच लग्न झालं होतं. तारखात्यात नोकरी, कुरळे केस आणि आवाज तर असा खडा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. नवी नवरी तरुलता माझ्यावर बसायला लाजायची.

"अगं बस, मोडत नाही तो," ते म्हणायचे.

"मोडत नाही ते दिसतंय. सासूबाई बघतायत त्याचं काय?"

मग सासूबाईच हसून आत जायच्या, आणि दोघं बसायची. मी त्यांना सावकाश झुलवायचो. ते दिवस आठवले की माझ्या कड्या अजून कुरकुरतात.

या नागर ब्राह्मण मंडळींच्या घरी नवरात्रात गरबा बसून गातात. गोल फिरणं नाही की टिपऱ्या नाहीत. पुरुष सतरंजीवर मांडी घालून बसतात, एक जण पुढे होऊन ओळ गातो आणि बाकीचे त्याची झील धरतात. अष्टमीची बैठक आमच्याकडे, आणि पुढे गाणारे पिनाकीनराय. जुने, लांबच लांब गरबे, कडव्यांमागून कडवी, पण हातात कधी कागद नाही. सगळं तोंडपाठ. बैठकीचा नियम एकच. पुढच्याने जे गायलं तेच मागच्यांनी गायचं, त्याला मध्ये टोकायचं नाही. देवीच्या गाण्यात खंड पाडणारा माणूस म्हणजे पंगतीत पानावरून उठणारा माणूस. त्या दिवशी मला एका अंगाला ओढून बांधून ठेवायचे. तिथून मला स्वयंपाकघराचं दार दिसायचं. तरुलताबेन पुऱ्यांचं पीठ मळता मळता ओठ हलवायच्या. आवाज मात्र काढायच्या नाहीत, कारण बैठक पुरुषांची होती.

पिनाकीनरायांना उजव्या सळीला पाठ टेकून बसायची सवय. मित्रांनो, पितळ फार ऐकतं. त्यांच्या छातीतले ठोके सळीतून उतरून माझ्या फळीपर्यंत यायचे. इतकी वर्षं ऐकले की मी ते झोपेतही ओळखीन. मिस्त्रीच्या हातोडीसारखे ठाम होते. एकदा डॉक्टरांनी त्यांना ब्लडप्रेशर आहे म्हणून रोजची गोळी दिली. काही महिने घेतली आणि मग दिली सोडून.

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी," असं म्हणायचे आणि रविवारी गाठिया, तळलेल्या मिरच्या, पापड, वर कैरीचं लोणचं.

"खा, खा," तरुलताबेन म्हणायच्या. "तुम्ही थांबलात तर तो गाठियावाला दुकान बंद करून हरिद्वारला जाईल बिचारा."

"मग पुण्यच लागतंय ना मला?"

हसण्यावारी जायचं सगळं. पण पुढे पुढे सळीतून येणारा आवाज बदलला. ठोका पडायचा आणि त्याच्या मागोमाग आणखी एक, अर्धवट, घोडा ठेच लागून सावरावा तसा. मला ते आवडलं नाही. मी कुरकुरलो. त्यांनी कड्यांत तेल घातलं.

आमच्या गावात दुपारी जेवण झालं की दुकानाची फळी पडते आणि सगळं गाव आडवं होतं. त्या वेळी दार वाजवणाऱ्याला सात जन्म शिव्या. पिनाकीनराय तर डाराडूर घोरणारे. तेच पिनाकीनराय दुपारी गादीवर पडले की थोड्याच वेळात धडपडत उठायला लागले आणि माझ्यावर येऊन बसायला लागले. सळीला डोकं टेकून बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत असेल. घरच्यांना एवढंच ऐकू यायचं की भर दुपारी झोपाळा करकरतोय.

"म्हातारपण आलं," मुलगा सौमिल बायकोला म्हणाला. "बापुजींची झोपसुद्धा बिघडली."

मग ती अष्टमी आली. पिनाकीनरायांनी गरबा उचलला, दोन कडवी छान गायली, आणि तिसऱ्याच्या जागी पुन्हा पहिलं गायलं. मागच्यांनी झील धरली. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. मागच्यांनी पुन्हा झील धरली. पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त ती, पुढचा जे देईल ते घ्यायचं. किती तरी वेळ ते तेच तेच घोळवत राहिले आणि पंधरावीस शहाणी माणसं डोळे मिटून त्यांच्यामागे जात राहिली. शेवटी आरतीची वेळ झाली म्हणून थांबलं. निघताना एक जण नागरांच्या रीतीने हात जोडून म्हणाला, "पिनाकीनभाई, आज काय भाव चढला होता! जय हाटकेश."

"जय हाटकेश," पिनाकीनराय म्हणाले. चेहरा कोरा होता. स्वयंपाकघराच्या दारात तरुलताबेन झाऱ्या हातात धरून उभ्या होत्या. कढईतली पुरी जळाली तरी त्यांना कळलं नाही.

त्यानंतर गाडी उताराला लागली. सौमिलला ते आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचे. मग एक दिवस शेजारच्या हर्षिदाबेन माझ्यावर येऊन बसल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या.

"तरुबेन, सांगू की नको कळत नाही. वाईट वाटून घेऊ नका हं. पिनाकीनभाई हल्ली बाजारातून येतात ते आमच्याकडेच शिरतात. आमच्या झोपाळ्यावर बसतात आणि म्हणतात, तरु, चहा."

"अगंबाई! मग?"

"मग काय, मी देते चहा. परवा म्हणाले, साखर कमी झालीय, तुझं लक्ष कुठे असतं? मी म्हटलं, चुकलं, आणि आणखी एक चमचा घातला."

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून असेल. मोठं माणूस आहे हो, तोंडावर कसं सांगायचं, हे तुमचं घर नाही म्हणून?"

तरुलताबेन हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. मित्रांनो, किती सभ्य माणसं ही! गायनात चुकलेल्याला टोकत नाहीत आणि घर चुकलेल्याला चहा देतात. त्या सभ्यपणात कितीतरी महिने निघून गेले.

सौमिल काही वाईट मुलगा नव्हे. बापासाठी सुचेल तो उपाय केला त्याने. सकाळी भिजवलेले बदाम, डोक्याला ब्राह्मीचं तेल, पेपरातली कोडी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डोक्याला तेल चोळत होते, आणि सळीतून मला त्या काळजाची ओढाताण ऐकू येत होती. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण आम्हाला देवाने कुरकुर तेवढी दिली आहे, शब्द नाहीत दिले.

एका सकाळी मी झुलत असतानाच ते उठायला गेले, चक्कर आली आणि कोसळले. हनुवटी फुटली. सौमिलने त्यांना उचलून बसवलं.  आईला तो बा म्हणायचा. संध्याकाळी तिला म्हणाला, "बस झालं बा. हा झोपाळा काढायचा. मी सोफा सांगून आलोय, उद्या मिस्त्री येईल."

"आणि ते बसतील कुठे?"

"सोफ्यावर! लोक काय सोफ्यावर बसत नाहीत? आणि या नवरात्रात बैठकही आपल्याकडे नको. चारचौघांत बापुजींचं हसं होतं, बघवत नाही मला. ते आता गेलेत, बा. दिसतात आपल्याला, पण गेलेत."

"जिभेला हाड आहे की नाही?" तरुलताबेन कडाडल्या. "माणूस समोर बसलाय आणि गेला म्हणतोस?"

पिनाकीनराय समोरच होते. ऐकत होते की नाही, कुणास ठाऊक. पण त्यांचा हात सळीवर घट्ट आवळला गेला, आणि तो अर्धवट ठोका भराभर पडायला लागला. माझी गत काय झाली ते विचारू नका. मला मोडीत काढतील याचं दुःख होतंच. पण मी गेलो की हे काळीज ऐकणारं घरात कुणी उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मिस्त्री आला. पिनाकीनराय माझ्यावर बसल्या बसल्या झोपले होते.

"उठवू का काकांना?" मिस्त्रीने विचारलं.

"खबरदार," तरुलताबेन म्हणाल्या. "झोपलेल्या माणसाखालून झोपाळा काढायला तू काय यमदूत आहेस? बस तिथे. ताक पी."

मिस्त्री ताक पीत बसला, आणि तेवढ्यात डॉक्टर सलमा मेमण आली. ही आमच्याच गल्लीतली मुलगी. शाळा सुटली की माझ्यावर उभी राहून असे झोके घ्यायची की आढं हादरायचं. सौमिलची बायको जिगीषा हिने तिला बोलावलं होतं. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी हवी होती. सलमा दारातच थांबली आणि पिनाकीनरायांकडे बघत राहिली.

"काका आडवे का नाही झाले?"

"आडवे होतच नाहीत हल्ली," जिगीषा म्हणाली. "डोक्याचंच आहे सगळं. बसून झोपतात."

"किती उश्या घेतात?"

"पूर्वी एक. मग दोन. आता इथे."

"आणि मोजडी कुठेय त्यांची? काका मोजडीशिवाय कधी दिसले नाहीत मला."

"पायात जात नाही हो," तरुलताबेन म्हणाल्या. "आकसलीय. जुनी झाली ना."

सलमा खाली बसली. तिने पिनाकीनरायांच्या पावलावर अंगठा दाबला आणि काढला. कणकेत बोट खुपसावं तसा खळगा तिथे तसाच राहिला. "काकी, मोजडी नाही आकसली. पाय सुजलाय," ती म्हणाली. मग माझ्यावर त्यांच्या शेजारी बसली, पायाने मला थांबवलं, नळी कानांत घातली आणि छातीला लावली. मी जागच्या जागी स्तब्ध झालो. आयुष्यात पहिल्यांदा. आपल्याला ऐकू येतं ते दुसऱ्या कुणाला ऐकू आलं की काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तपासण्या झाल्या. छातीचा फोटो निघाला, त्यात हृदय मोठं झालेलं दिसलं. सलमाने सगळ्यांना बैठकीत बसवून सांगितलं.

"मोठं हृदय म्हणजे चांगलंच की," पिनाकीनराय मध्येच म्हणाले. त्या दिवशी जरा ठीक होते. "आमच्यात दिलदार माणसाला कौतुकाने म्हणतात तसं."

"त्या अर्थी तुमचं मोठं आहेच, काका. पण हे वेगळं. रक्ताचा दाब इतकी वर्षं वाढलेला होता, त्याच्याशी झगडून झगडून ते ताणलं गेलंय, सैल पडलंय. सौमिल, तुझ्या गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी आलं तर तू टाकी घासत बसशील?"

"मोटर बघेन आधी."

"मग इथे इतके महिने टाकीच घासतोय आपण. छातीतली मोटर थकली की वर डोक्याला रक्त पुरेसं जात नाही. आणि वाढलेला दाब डोक्यातल्या बारीक नळ्याही खराब करतो. म्हातारपणी हृदय मोठं झालेल्यांत विसरभोळेपणा जास्त दिसतो. सगळा दोष हृदयाचाच असं मी छातीठोक सांगणार नाही. डोक्याचे डॉक्टर बघतीलच. पण आधी हे."

सौमिलचा चेहरा पडला. "म्हणजे औषधांनी बापुजी पहिल्यासारखे होतील?"

"नाही," सलमा म्हणाली. "खोटं सांगणार नाही. गेलेलं सगळं परत येणार नाही. उरलंय ते राखता येईल, निदान पुष्कळ दिवस. तेवढं करायचं की नाही, बोल."

सौमिल उठला, बापाच्या पायाशी बसला आणि ती सुजलेली पावलं मांडीवर घेतली. मिस्त्रीला निरोप गेला की काढायला नको, सळ्यांना दोर लावून झोका आखूड करून दे. सोफ्याच्या दुकानदाराने मात्र बरीच कटकट केली म्हणे.

मग गोळ्या सुरू झाल्या, आणि या वेळी तरुलताबेन समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या. लोणचं बंद, पापड बंद, मीठ बेताचं. गाठियाचा रविवारी एक तुकडा, तोही उपकार केल्यासारखा.

"हा काय तुरुंग आहे?" पिनाकीनराय चिडायचे.

"हो. आणि मी जेलर. तोंड उघडा."

पायांची सूज उतरली, मोजडी पायात जायला लागली. दुपारी ते पुन्हा गादीवर आडवे झाले, आणि घरात ते जुनं घोरणं ऐकू आलं तेव्हा जिगीषाने सासूला हाताला धरून दारापाशी ओढत आणलं. सळीतला तो अर्धवट ठोका मंदावला. बाजारातून ते हर्षिदाबेनच्या दारावरून पुढे येऊन आमच्या घरात शिरायला लागले. रोज नाही, पण बहुतेक दिवस. नावं मात्र गेली ती फारशी परत आली नाहीत. सलमा खोटं बोलली नव्हती.

नवरात्र आलं. तरुलताबेननी निक्षून सांगितलं की अष्टमीची बैठक आपल्याकडेच होईल आणि हेच पुढे गातील.  पिनाकीनरायांना खाली बसवत नव्हतं, म्हणून त्या वर्षी मला बाजूला बांधलं नाही. ते माझ्यावर बसले आणि बाकीचे सतरंजीवर.

त्यांनी गरबा उचलला. आवाज जुना, जरा खोल गेलेला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मग ते थांबले, आणि पुन्हा पहिलं गायले.

मागच्यांची तोंडं सवयीने उघडली. पण आता सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी झील धरेना, कुणी टोकेना. सतरंजीवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पिनाकीनराय या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं. सळीतून ठोके इतके भराभर यायला लागले की मला भीती वाटली. सौमिल उठायच्या बेतात होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तिसऱ्या कडव्याची ओळ आली. बारीक, कधी न वापरलेला आवाज. तरुलताबेन दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत पीठ. त्या बैठकीत बाईने पुढची ओळ गायलेली मी कधी ऐकली नव्हती. लोक वळून बघायला लागले. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही, फक्त नवऱ्याकडे बघितलं, आणि ओळ पूर्ण केली.

पिनाकीनरायांनी दाराकडे वळून बघितलं. मला वाटलं, चिडणार. मग त्यांनी मान डोलावली आणि तीच ओळ मागून म्हटली. जन्मभर पुढे गाणाऱ्या माणसाने बायकोची झील धरली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा सतरंजीवरच्या सगळ्यांनी सूर मिळवला. तरुलताबेन पिठाच्या हातांनी येऊन माझ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या, आणि कडव्यांमागून कडवी, अगदी शेवटच्यापर्यंत, त्या पुढे आणि ते मागे असा तो गरबा पुरा झाला. ठोके हळूहळू सावकाश झाले. थकलेले, पण एकामागून एक, नीट.

आरती झाली, माणसं प्रसाद घेऊन गेली. पिनाकीनराय तिच्याकडे बघत म्हणाले, "छान गाता तुम्ही. कुणाकडे शिकलात?"

मित्रांनो, त्या एका शब्दाने, त्या 'तुम्ही'ने, माझ्या फळीत चीर गेली असती. तरुलताबेननी डोळे पुसले, गालाला पीठ लागलं.

"आहेत एक," त्या म्हणाल्या. "रविवारी गाठिया खायचे. फार सुंदर गायचे."

"असं? मला भेटवाल?"

"रोज भेटवीन," त्या म्हणाल्या, आणि पायाने मला हलकेच ढकललं.

मित्रांनो, मी आता फार जुना झालो आहे, म्हणून हक्काने सांगतो. तुमच्या घरातलं जुनं माणूस विसरायला लागलं तर साठी बुद्धी नाठी म्हणून हसू नका, आणि भिडेपोटी गप्पही राहू नका. त्याच्या डोक्याला नावं ठेवण्याआधी पावलांची सूज बघा. दुपारी आडवं का होत नाही ते विचारा. त्याची गोळी वर्षानुवर्षं डबीत पडून असेल तर त्याला दटावा. आणि जवळ बसा, अगदी खेटून. मी लाकडाचा असून मला ऐकू आलं, तुम्हाला तर देवाने कान दिले आहेत.

आता दुपार कलली. ते उठतील, मोजडी घालून एक फेरी मारून येतील आणि माझ्यावर बसून म्हणतील, तरु, चहा. तिचं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण मागतात ते याच घरात.